मायनं गाळलेली ओळ

माझ्या पहिल्या पुस्तकाच्या हस्तलिखितात शेवटी एकच गोल शिल्लक राहिला होता, आणि त्या एका गोलापायी मी सेलूच्या छापखान्यात माझ्या संपादकाशी असं भांडले, की शेजारच्या सायकलवाल्यानं पंप मारायचं थांबवलं. आज ते आठवलं की स्वतःची थोडी लाज वाटते, थोडं हसूही येतं. पण सगळ्यात जास्त वाटतो तो अभिमान. कशाचा, ते कळायला आधी गोल म्हणजे काय हे सांगायला हवं.

सेलूला धान्य-कापसाच्या मोंढ्यामागच्या बोळात या संपादकांचा छापखाना होता. पायानं चालवायचं एक ट्रेडल मशीन, शिशाच्या अक्षरांच्या, म्हणजे खिळ्यांच्या, खणाखणांच्या लाकडी केसी, आणि कापसाच्या दिवसांत उघड्या खिडकीतून उडत येणारी रुई. लग्नपत्रिका, हँडबिलं, जिनिंगवाल्यांची पावतीपुस्तकं हे त्यांचं पोटापाण्याचं काम. चार पानी साप्ताहिक हा त्यांचा नाद. आणि एखादं लिखाण मनापासून पटलं तर त्याचं पुस्तक काढायचं, हे त्यांचं वेड. मूळचे झरीकडचे, घरची चांगली जमीन, पण नांगर भावांच्या हाती देऊन हे गृहस्थ शाईत हात काळे करायला आले होते. स्वतः मात्र चार ओळीही लिहीत नसत. मी त्यांना काका म्हणत असे.

मी पालमला मास्तरीण होते. आमच्या शाळेच्या गळक्या छपरावर मी एक लेख लिहून त्यांच्या साप्ताहिकाला धाडला, तर तो परत आला. समासात पेन्सिलीनं काढलेले सात गोल. एक शब्द नाही, एक सूचना नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी कार्ड टाकलं, 'गोलांचा अर्थ कळला नाही. शून्य मार्क दिलेत काय?' उलट टपाली उत्तर आलं, 'गोल म्हणजे तिथं मी अडखळलो. का अडखळलो ते तुम्ही शोधा. नाही सापडलं तर या.'

सापडलं नाही, म्हणून गेले. रविवारी सकाळची एसटी धरून परभणी, तिथून पॅसेंजर गाडीनं सेलू. पुढं चार-पाच वर्षं महिन्या-दोन महिन्याला माझी ही वारी चालायची. काका खिळे जुळवता जुळवता बोलत. एकदा म्हणाले, "बाई, तुमच्या लेखात पहिलं पानभर नुसता बँड वाजायलाय. नवरी कुठंय?" मी ते पान फाडलं. दुसऱ्यांदा म्हणाले, "हितं तुमी पोरांवर चिडला हाव, पर लिहिलंय की दुःख झालं. चिडला आसाल तर चिडा की!" मी चिडून लिहिलं. एकेक गोल पुसला जाई, तसं मला माझंच लिखाण ओळखू येऊ लागलं. असं कुणी आपलं वाचतंय, ओळ अन् ओळ, याचं सुख मला त्याआधी माहीत नव्हतं.

मग काका म्हणाले, "आता पुस्तक करू." मी माझ्या मायवर, आमच्या वस्तीवर, खुरपणीच्या बायांवर लिहायला घेतलं.

त्यातलं एक प्रकरण नामांतराच्या ठरावानंतरच्या दिवसांचं होतं. विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला आणि आमच्याकडं गावोगाव आग लागली. काही ठिकाणी खरोखरची, काही ठिकाणी बहिष्काराची. पालमजवळच्या आमच्या गावात गावकीनं ठरवलं, आमच्या दलित वस्तीतल्या कुणाला कामाला बोलवायचं नाही आणि दुकानदारानं मीठमिरची द्यायची नाही. मी तेव्हा परभणीला डी.एड. करत होते. एसट्या बंद होत्या, आणि मायनं निरोप धाडला होता, येऊ नको. म्हणजे त्या दिवसांत मी गावात नव्हतेच. पण प्रकरण लिहिताना मी लिहिलं, की माझी माय मालकाच्या बांधावर हात जोडून उभी राहिली, आणि त्यानं तोंड फिरवल्यावर पदरात तोंड घालून रडली. चांगलं दोन पानं रडवलं मी तिला.

खोटं लिहिते आहे असं मला वाटलंच नाही. मासिकांतून ज्या ज्या गरीब आया मी वाचल्या होत्या, त्या सगळ्या रडत होत्या. माझी का रडली नसेल? वर आणखी एक झालं. मी ते प्रकरण एका मोठ्या शहरातल्या मासिकाकडं धाडलं, आणि तिथल्या संपादकांचं छापील लेटरहेडवर टाईप केलेलं पत्र आलं. 'आपल्या मातेच्या अश्रूंनी आम्हालाही रडवले. असेच लिहून सबंध पुस्तक द्या, आम्ही काढू.' मी हरभऱ्याच्या झाडावर अशी चढले, की उतरायचं नावच घेईना. ते पत्र पर्समध्ये घालून मी सेलूला गेले.

काकांनी सबंध हस्तलिखित वाचून ठेवलं होतं. जुने सगळे गोल गेले होते. फक्त त्या रडण्याशेजारी एक मोठा गोल उरला होता.

मी पत्र काढून त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी ते वाचलं, नीट घडी घालून परत दिलं आणि म्हणाले, "कागद झकास हाय. पर मी हितं अडखळलो."

"का?"

"ठराव झाला तो पावसाळ्यात. तुमी लिहिलंय की पोळ्याच्या आधीची गोष्ट. पोळ्याच्या आधी कापसात तण केवढं असतंय, बाई?"

"गुडघ्याएवढं."

"मग त्या वक्ताला मालक हात जोडतोय का खुरपणारी? त्या महिन्यात ज्याच्या हातात खुरपं त्याचा वट. तुमची आई खुरपणीच्या बायांची म्होरकी, असं तुमीच लिहिलंय. ती कशाला बांधावर जाऊन रडंल?"

हरायला लागले की माझा आवाज चढतो. मी म्हणाले, माझ्या मायनं काय भोगलं ते तुम्ही मला शिकवणार? मी म्हणाले, तुम्ही जमीनवाले, तुमच्या घरात दाणा होता त्या दिवसांत. माय रडली हे छापायला तुम्हाला टोचतंय म्हणून गोल काढलात. आणखीही बरंच मी बोलले. सायकलवाल्याचा पंप थांबला तो तेव्हा.

काकांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला. "मी न्हाई शिकवणार," ते म्हणाले. "तुमच्या आईला वाचून दाखवा. ती म्हणली रडले, तर तिच्या पायावर डोकं ठेवून मी हे असंच छापतो. न्हाई म्हणली तर मला सांगू नका, तिलाच इचारा काय झालतं ते."

मी हस्तलिखित उचललं आणि निघाले. मनात म्हटलं, गेला हा छापखाना खड्ड्यात, माझं पुस्तक शहरातून निघेल. रंगीत कव्हराचं.

पुढच्या रविवारी गावी गेले. माय ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी म्हणाले, तुझ्यावर लिहिलंय, ऐकतेस का. ती म्हणाली, "वाच की. मला कुटं येतंय वाचायला." मी ठसक्यात वाचत गेले. रडण्याच्या जागी मी आवाज आणखी कातर केला. मान वर केली तर तिच्या हातातली शेंग तशीच होती.

"कोण रडलं?"

"तू."

"कवा?"

"अगं तेव्हा, बहिष्कारात. मालकानं कामाला नको म्हटलं तेव्हा."

"तितं मी व्हते का तू?" तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. "बांधावर? हात जोडून? आगं गावातल्या बाया ऐकतील तर थुकतील माझ्यावर. जलमभर ताठ मानंनं खुरपलं, आन् पोटची पोरगी पुस्तकात भीक मागायला लावायलीय!"

माझं पुस्तक, शहराचं पत्र, रंगीत कव्हर, सगळं त्या एका वाक्यात आडवं झालं. तिच्या मानेचा प्रश्न होता, आणि ती मान मी वाकवली होती. पुढची पाच मिनिटं मी खाली बघत शेंगा सोलल्या.

मग तिनं सांगितलं. गावकीचं ठरलं तेव्हा कुणी कुठं गेलं नाही. मीठ आणायला बाया पालमला पायी गेल्या. पंधरा दिवस वस्तीनं रानात उगवणाऱ्या तरोट्याची भाजी खाल्ली. मग पावसानं उघाड दिली आणि तणानं कापूस गिळायला सुरुवात केली. मालकानं सालगडी धाडला. तो वस्तीच्या कडेला उभा राहून ओरडला, चला गं बायांनो. एकही उठली नाही. माय म्हणाली, "ज्यानं बंद केलं त्यानं यावं." दोन दिवसांनी मालक स्वतः आला. माय दारात दगडावर खुरपं घासत बसली होती. ती उठली नाही. तिनं दोन गोष्टी सांगितल्या. आधी दुकान उघडायचं, आणि कामाला सगळ्या बाया घ्यायच्या, म्हातारी असो की लेकुरवाळी, एकही मागं राहणार नाही. तो म्हणाला, बरं, मग आज चला. माय म्हणाली, "आज न्हाई. आज आमचं काम हाय. उद्या येतो."

"काय काम होतं गं?" मी विचारलं.

"काई न्हाई. बसलो व्हतो."

मला हसू फुटलं, तीही हसली. मग मी विचारलं, "हे मला कधी सांगितलं का नाहीस?"

"तू कवा इचारलंस? आलीस की वही घिऊनच बसतीस."

तोंडात मारल्यासारखं झालं. मी पालमला परतले आणि आठ दिवसांत ते प्रकरण नव्यानं लिहिलं. त्यात उघाड आली, तरोटा आला, दगडावर घासलेलं खुरपं आलं. मालक दारात येतो तिथं, मजकुराच्या मधोमध, एक ओळ मी फार प्रेमानं घातली, 'माय रडली नाही. एकदाही नाही.' लिहून झाल्यावर ती चार वेळा मोठ्यानं म्हणून बघितली, इतकी ती मला आवडली होती.

सेलूला गेले आणि आधी माफी मागितली. माफी मागणं मला जमत नाही, त्यामुळे ती भांडल्यासारखीच वाटली असणार. काकांनी नवं प्रकरण उभ्यानं वाचलं. एकही गोल काढला नाही. पण मला म्हणाले, "बसा जरा. मला ते कसं ठावं व्हतं, ते तुमी इचारलं न्हाई."

"शेतीतलं कळतं म्हणून."

"न्हाई. त्या साली आमच्या घरानंबी कामाला बंदी केलती. पंधरवड्यात रान तणानं भरलं. मग माझा थोरला भाऊ टोपी हातात घिऊन वस्तीत गेला. मी त्याच्या मागं उभा व्हतो."

"तुम्ही काय बोललात?"

"काई न्हाई. खाली बघत व्हतो."

मशीन बंद होतं, त्यामुळे ते सगळं स्पष्ट ऐकू आलं. मी त्यांना त्याच क्षणी माफ केलं असं लिहिलं तर काकाच तिथं गोल काढतील. मला राग आला होता. पण हेही तितकंच खरं, की हा माणूस गप्प बसून शेतीच्या ज्ञानाचा मान घेऊ शकला असता, आणि त्यानं तो घेतला नाही. मी म्हणाले, "हे तुम्ही लिहीत का नाही?" ते म्हणाले, "मी लिहिणारा न्हाई. गोल काढणारा हाव." मी म्हणाले, "मग हा घ्या," आणि त्यांच्याच पेन्सिलीनं त्यांच्या टेबलावरच्या कोऱ्या कागदावर एक गोल काढून दिला. तो कागद त्यांनी जपून घडी घालून खिशात ठेवला. पुढं कित्येक वर्षांत त्यांनी त्यावर काही लिहिलं नाही, आणि मी विचारायचं सोडलं नाही.

नवं प्रकरण मी शहरालाही पाठवलं होतं. उत्तर आलं, 'पूर्वीची करुणा हरवली. माता आता कठोर वाटते. जुनाच मजकूर ठेवल्यास पुस्तकाचा विचार करू.' मी कार्डावर लिहून टाकलं, 'जुना मजकूर माझ्या आईनं नापसंत केला आहे.' ते कार्ड पेटीत टाकताना जो ताठा मला चढला, तो अजून पुरता उतरलेला नाही.

काकांनी जुळणी सुरू केली. त्यांच्याकडं खिळे मोजके. आठ पानांचा फर्मा जुळवायचा, छापायचा, खिळे सोडवून परत केसीत टाकायचे, मग पुढची आठ पानं. मायच्या प्रकरणाचा फर्मा जुळला तेव्हा त्यांनी ओलं प्रूफ माझ्या हातात दिलं. "ज्यांच्यावर लिहिलंय त्यांच्या तोंडावर हे वाचून या. त्यांनी हो म्हणल्याबिगर मशीन फिरणार न्हाई." मी म्हणाले, काका, तोवर तुमचे सगळे खिळे अडकून राहतील, साप्ताहिक कशानं काढाल? ते म्हणाले, "एक अंक बुडंल. कोण रडायलंय?"

तर मायच्या ओट्यावर खुरपणीच्या बाया जमल्या, नऊ-दहा जणी. मी वाचलं. सुरुवातीला त्या लग्नातल्या पाहुण्यांसारख्या सावरून बसल्या होत्या. पालमहून मीठ आणलं तिथं त्या पुढं सरकल्या. 'आज आमचं काम हाय' आलं तेव्हा एक म्हातारी मांडीवर थाप मारून म्हणाली, "आगं कसलं काम! येकमेकीच्या उवा काढायलो व्हतो!" आणि सगळ्या अशा हसल्या, की शेजारचं बाळ झोपेतून उठून रडायला लागलं. शहराच्या संपादकाला मी रडवलं होतं, तेव्हा मला मोठं वाटलं होतं. या बायांना हसताना बघून मला जे वाटलं, त्यापुढं ते काहीच नव्हतं. पाच पानांचं लिहिलं होतं मी, पण सगळ्याजणी ते आपलंच असल्यासारख्या एकमेकींना परत सांगत उठल्या.

बाया गेल्यावर माय म्हणाली, "चांगलं हाय. ती येक वळ तेवढी काढ."

"कोणती?"

"रडली न्हाई म्हणलंस ती."

मला खरंच कळेना. "अगं, पण तूच म्हणालीस ना?"

"बांधावर न्हाई रडले. त्यांच्या म्होरं न्हाई रडले. येकदाबी न्हाई म्हणजे? मी काय दगड हाव का?" मग सूप ओढून घेत, "पंधरा दिस घरात दाणा नव्हता. तू तिकडं परभणीला येकली. रस्ते बंद."

"मग कुठं रडलीस?"

"ते कशाला पायजे तुला?" ती उठली, सूप झटकलं. "रडले का न्हाई ते माझं हाय. पुस्तकाचं न्हाई. तू कामाचं लिही."

तीन दिवसांनी मी सेलूला जाऊन काकांना हे जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी प्रूफ उजेडात धरून ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाले, "चूक माझी हाय, बाई. हितं गोल पडायला पायजे व्हता. पर वाक्य लय झोकात व्हतं. मीबी भुललो." पंचवीस वर्षं छापखान्यात घालवलेला माणूस एका न शिकलेल्या बाईनं काढलेली चूक अशी बिनशर्त मान्य करत होता. मला दोघांचाही फार अभिमान वाटला.

त्यांनी फर्म्याच्या चौकटीचे खुंटे सैल केले आणि चिमट्यानं ती ओळ, एकेक खिळा करून, उपसली. "खालच्या वळी वर घिऊ, का दुसरं वाक्य देताव?"

मी विचार केला. दुसरं वाक्य मला सहज सुचलं असतं. तोवर मला वाक्यं फार लवकर सुचत. "नको," मी म्हणाले. "जागा राहू द्या."

काकांनी एकदा माझ्याकडं बघितलं, कोऱ्या शिशाच्या पट्ट्या मापून त्या जागी बसवल्या आणि फर्मा मशीनवर चढवला.

पुस्तक निघालं. कव्हर एकरंगी, कागद जाडाभरडा. एका परीक्षणात लिहून आलं की छपाई गलथान आहे, एका पानावर तर चक्क ओळच पडायची राहिली आहे. काकांनी ते कात्रण छापखान्याच्या भिंतीवर चिकटवलं. मी कुणालाच खुलासा केला नाही.

मायला शेवटपर्यंत अक्षर आलं नाही. पण घरी पाहुणा आला की ती ट्रंकेतून पुस्तक काढायची, ओठ मिटून एकेक पान उलटत जायची, आणि मजकुराच्या मध्ये ती कोरी पट्टी दिसली की तिच्यावर बोट ठेवून म्हणायची, "हे माझं. आता हितून म्होरं वाचा."